केरळचा आकडा

लातूर शहर आणि पंचक्रोशीतील तमाम नागरिक, आजी-माजी मटकाबहाद्दर आणि त्यांच्या मागावर असलेले तेव्हाचे पोलीस यांना या लेखाद्वारे अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, जिल्हा नवा झाला त्या वर्षांत आमच्या तारघराच्या खिडकीतून जो 'केरळचा आकडा' फुटत असे, तो मटक्याचा आकडा नव्हता. ती प्रार्थना होती. ज्यांनी त्यावर पैसे लावले, त्यांनी ते देवाच्या दारी जमा झाले असे समजावे. तक्रार अर्ज स्वीकारले जाणार नाहीत, कारण अर्ज घ्यायचं ते तारखातंच आता बंद झालं आहे.

हे निवेदन मी केव्हाच द्यायला हवं होतं. पण नोकरीत असताना तारेतला मजकूर बाहेर बोलायचा नाही, अशी शपथ घेतलेली. आता तारही गेली आणि शपथ घेणारेही पांगले. तरी ज्यांची ही गोष्ट आहे त्या मथाई सरांना मी फोन करून विचारलं, "सर, लिहू का?" ते म्हणाले, "लिहा मॅडम, लई दिवस झाले. फक्त माझी नाव बदला." त्यांचं मराठी अजून तसंच आहे. नाव बदललं आहे.

मी तारबाई. गाव देगलूर. आमच्या गल्लीत एका घरात तेलुगू, दुसऱ्यात कन्नड, तिसऱ्यात उर्दू, आणि आमच्या घरी मराठी. शिवाय रोज संध्याकाळी बाबासाहेबांच्या फोटोपुढे पालीतलं त्रिशरण. ह्या सगळ्यामुळे माझा कान तयार झाला. बाकी अंगात काही गुण नव्हता. तारखात्याची परीक्षा पास झाले तेव्हा आमचे काका म्हणाले होते, "ही पोरगी सगळ्या गावाचं ऐकत बसती, आता सरकार तिला पगार देऊन ऐकवनार."

पहिली नेमणूक नांदेडला. तिथं कट्ट-कडकट्ट शिकले. बाहेरच्यांना वाटतं तारेचं यंत्र म्हणजे काही अजब विद्या. तसं काही नाही. एक आखूड ठोका, एक लांब ठोका, ह्यांच्या जोड्यांतून अक्षरं. ऐकत ऐकत लिहायचं. काही महिन्यांनी ठोके ऐकू यायचे बंद होतात आणि सरळ अक्षरं ऐकू यायला लागतात. मग घरी कुणी पोळपाटावर लाटणं आपटलं तरी त्यात अक्षरं दिसतात. माझ्या आईच्या लाटण्यातून एकदा 'ई ई टी' असं निघालं होतं. त्याचा अर्थ मी अजून शोधते आहे.

अक्षरांचं एक बरं असतं. तारेत 'आई आजारी निघून ये' मधलं एखादं अक्षर गळालं, तरी मुलाला कळतं आणि तो गाडीत बसतो. आकड्याचं तसं नाही. चुकलेला आकडा बरोबर आकड्यासारखाच दिसतो. म्हणून आकड्यांच्या तारेला दोन नियम. खिडकीवर गिऱ्हाइकाला आकडे मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि 'बरोबर' म्हणवून घ्यायचं. आणि तार पाठवून झाली की सगळे आकडे शेवटी पुन्हा एकदा वाजवायचे.

हे का, ते नांदेडलाच कळलं. तेव्हा शुभेच्छांच्या तारांना नंबर असायचे. छापील यादीतलं वाक्य निवडायचं, आम्ही फक्त नंबर पाठवायचा, पलीकडचा तारबाबू नंबर बघून वाक्य लिहायचा. माहूरच्या एका हारफुलंवाल्यानं मेहुण्याच्या लग्नाला अशी तार केली. वाटेत कुठंतरी एक आकडा घसरला आणि नवरदेवाच्या हातात पडलं, 'परीक्षेतील यशाबद्दल हार्दिक अभिनंदन.' हारवाला भांडायला आला. हातात मेहुण्याचं पोस्टकार्ड. त्यात लिहिलं होतं, 'भावजी, परीक्षा तर आता सुरू होनार हाय, निकाल आधीच कसा काय कळला?' आम्ही सगळे हसलो, शेवटी हारवालाही हसला. पण आमच्या साहेबांनी त्या दिवसापासून मला आकडे तीनदा वाजवायला लावले.

मग लातूर जिल्हा झाला आणि माझी बदली तिकडं झाली. नवा जिल्हा म्हणजे काय हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळणार नाही. गावातले सगळे पेंटर वर्षभर 'जिल्हा उस्मानाबाद' पुसून 'जिल्हा लातूर' लिहीत होते. कचेऱ्या आल्या, साहेब आले, साहेबांच्या मागून कारकून आले, आणि कुणालाच राहायला जागा मिळेना. एका खोलीत दोन-दोन भाडेकरू. मी आणि भूमापन कचेरीतली एक बाई एका खोलीत राहायचो. पोस्टमन दारातून नुसतं 'बाई, पत्र!' म्हणून ओरडायचा आणि आम्ही दोघीही धावायचो.

त्यात दुष्काळ. विहिरींनी तळ गाठला, रोजगार हमीच्या कामावर माणसं खडी फोडायला गेली. तारा येत त्या टँकरच्या, चारा छावणीच्या. 'दोन टँकर पाठवा', 'टँकर आहेत, पाणी नाही', 'पाणी आहे, डिझेल नाही'. मी दिवसभर तहानेच्याच तारा लिहायची.

तारघराच्या खिडकीला लागून खय्यूमभाईंची चहाची टपरी. खय्यूमभाई म्हणजे टपरीवर उभं असलेलं वर्तमानपत्र. दुष्काळात दूध मिळेना तेव्हा त्यांनी काळा चहा काढला आणि त्याला 'कलेक्टर चहा' नाव दिलं. "साहेब लोक असाच पितात," म्हणायचे.

ह्या खिडकीवर एके दिवशी मथाई सर आले. काळेसावळे, उंच, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. कॉलेजात गणित शिकवायला केरळातून आलेले. मराठी शिकले ते मेसच्या आचाऱ्याकडून, त्यामुळे बोलणं पक्कं लातूरचं आणि लिंग-वचन मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीवर. फॉर्म पुढं केला. मजकुराच्या जागी नुसते आकडे.

"सर, हे काय?"

"तार आहे, मॅडम."

"ते दिसतंय. पण शब्द कुठायत?"

"शब्द बंद आहेत," सर म्हणाले.

नियमाप्रमाणे मी मोठ्यानं वाचलं, "एक, दोन, सहा, चौदा..." सरांनी डोळे मिटून मान हलवली, जणू मी काही म्हणून दाखवत होते. आणि बाहेर टपरीवर चहा ओतणारी किटली थांबली. ती किटली थांबलेली मी ऐकली होती, पण त्याचा अर्थ मला नंतर कळला.

पुढं ओळख झाल्यावर सरांनी सांगितलं. त्यांचे वडील गावच्या चर्चमध्ये सिरियाक शिकवायचे. येशू जी अरामी बोलायचा तिची ही लेक. केरळातल्या जुन्या ख्रिस्ती घरांत तिच्यात प्रार्थना होते. घरात बोलत कुणी नाही. वडिलांनी पोराला लहानपणापासून ती शिकवली, कारण पोराला पाद्री करायचं ठरलेलं. पोरगा दीक्षेच्या आधी पळाला आणि गणितात शिरला.

"माझी बाप लई कडक," सर म्हणाले. "बोलला, जोपर्यंत मी तुला 'लेका' म्हणत नाही तोपर्यंत ह्या घरात पाय टाकायचा नाही. आणि तुला मी एक शब्द बोलणार नाही, एक शब्द लिहिणार नाही."

"मग?"

"मग मी विचार केला, मॅडम. शब्द नाही बोलला तो. आकड्यांचं काही बोलला नाही."

सिरियाकमध्ये अक्षरं बावीस. पहिलं आलफ, त्याला एक. दुसरं बेथ, त्याला दोन. असं करत बावीसपर्यंत. एक-दोन-सहा-चौदा म्हणजे 'अबून', आमच्या पित्या. त्यांच्या रोजच्या प्रार्थनेतला पहिला शब्द. सरांची प्रत्येक तार ह्याच शब्दानं सुरू व्हायची. आयुष्यभर हीच अक्षरं शिकवलेला म्हातारा ती ओळखेल, आणि देवाचं नाव फेकून कसा देईल, हा हिशेब.

आणि म्हाताऱ्यानं फेकलं नाही. काही दिवसांनी सरांच्या गावच्या तार-स्टेशनवरून आकडे यायला लागले. मी लिहून घेतले, सरांना निरोप धाडला. सर कॉलेजातून खडू लागलेल्या हातांनी धावत आले. वाचलं आणि बाकावर बसले. त्यांनी आधीच्या तारेत शेवटी कळवलं होतं की इकडं पाऊस नाही. वडिलांनी उत्तरादाखल पावसासाठी म्हणायची प्रार्थना पाठवली होती. नाव नाही, गाव नाही, आशीर्वाद नाही. नुसती प्रार्थना. पण पावसाची.

"पावसाला काय म्हणतात त्यात?" मी विचारलं.

"मेत्रा."

टपरीवरून आवाज आला, "मतर! अरे सर, ये तो हमारी अरबीत बी हाय! मतर मंजे पाऊस. त्या बाबाला सांगा, दुवा जरा जोरात कर म्हणावं, इकडं बोअर आटून राहिले."

असे आम्ही तिघं. मी पालीवाली, ते अरबीवाले, सर सिरियाकवाले. आणि तिघांनाही आपापल्या प्रार्थनेतले निम्मे शब्द कळत नव्हते, सर सोडून. पाऊस मात्र तिघांच्याही भाषेत आला नाही.

दर महिन्याला सरांची तार जायची, उत्तर यायचं. उत्तरात प्रार्थनाच असे, पण निवडलेली. सरांना ताप आल्याचं कळवलं तर आजाऱ्यासाठीची. प्रत्येक वेळी कागद हातात घेतला की सर आधी सगळ्यावरून नजर फिरवायचे आणि मग सावकाश वाचायचे. ते काय शोधतात हे मला ठाऊक होतं. सिरियाकमधली तीन अक्षरं. 'माझ्या लेका.' ती कधी नसायची.

आता मटका. मी खिडकीवर आकडे मोठ्यानं वाचायची, आणि टपरीवर चहा पिणाऱ्यांना कान होते. दर तार एक-दोन-सहा-चौदानं सुरू होते म्हटल्यावर लोकांनी काय समजायचं? तेव्हा लातुरात आकडा म्हणजे एकच गोष्ट. त्यात कुणीतरी एक्क्यावर पैसे लावले आणि तो आला! झालं. दुसऱ्या दिवशी खिडकीशी रांग. तार करायला कुणीच नाही.

"बाई, केरळचा काय हाय आज?"

"केरळला पाऊस आहे. निघा."

"असं न्हाई बाई, गरिबाला जरा सांगावं. ते मास्तर मुंबईवाल्या शेटचे पावणे हायत म्हनं."

एक जमादारही येऊन गेले. दंडुका काउंटरवर ठेवून म्हणाले, "हे आकड्याचं काय प्रकरन हाय?" मी सांगितलं, "परमेश्वराची प्रार्थना आहे." त्यांनी दंडुका उचलला. "मला येडा समजू नका," म्हणाले, आणि जाताना हळूच, "ओपन का क्लोज, तेवढं सांगा."

हे सगळं सरांना सांगताना मी हसत होते. सरही हसले. मग एक दिवस खडीच्या कामावरची एक बाई कॉलेजच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. तिच्या नवऱ्यानं आठवड्याची सगळी मजुरी केरळच्या आकड्यावर लावली होती. आकडा आला नाही. ती सरांना म्हणाली, "मास्तर, तुमी शिकलेली मानसं. कशाला आमच्या ताटात आकडे टाकता?" सरांनी तिला पैसे दिले, ते तिनं घेतले नाहीत. संध्याकाळी सर टपरीवर आले तेव्हा चेहरा उतरलेला. खय्यूमभाई किटलीकडं बघत उभे राहिले. आकडे टपरीवरून कसे पसरले, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

"मॅडम, माझी प्रार्थना लोकांना उपाशी ठेवून राहिली," सर म्हणाले. "आता तिला बुरखा घालतो."

तो बुरखा त्यांनी मला तिथंच फॉर्मच्या पाठीवर समजावून सांगितला. घड्याळाला बारा घरं असतात. अकरा वाजल्यावर तीन तास गेले की चौदा नाही वाजत, दोन वाजतात. तसं बावीस घरांचं घड्याळ धरायचं. अक्षराचा आकडा घ्यायचा, पाचानं गुणायचा, तीन मिळवायचे, बावीसच्या वर गेला की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. मग एक-दोन-सहा-चौदाचं होतं आठ-तेरा-अकरा-सात. पुढच्या वेळी पाच-तीन बदलून दुसरी जोडी. दर वेळी तोच शब्द, पण आकडे निराळे. ही जोडी म्हणजे किल्ली. ती तारेच्या सुरुवातीलाच द्यायची. लपवायचं होतं कुणापासून? मटकेवाल्यांपासून. त्यांना बावीस घरांचं घड्याळ थोडंच माहीत होतं!

"फक्त गुणायचा आकडा सम नको," सर म्हणाले, "आणि अकरा नको. नाहीतर उलटं फिरता येत नाही. गेलेली माणूस परत येत नाही."

हे सगळं त्यांनी वडिलांना पत्रात सविस्तर लिहिलं. पत्र परत आलं. वर शेरा, 'घेण्यास नकार'. पत्रात शब्द होते ना! म्हातारा शब्दाचा पक्का. तोवर इकडून बुरख्यातली तार गेलेली होती.

त्या आठवड्यात सरांचं शिकवण्यात लक्ष नव्हतं म्हणे. माझं तर तारेतही नव्हतं. म्हाताऱ्याला वाटणार, पोरगा चेष्टा करतोय, काहीतरी बरळतोय. आणि एवढी एक फट उघडी होती तीही बंद होणार.

मग उत्तर आलं. पाच, तीन, आणि पुढं आकडे. सरांनी उलगडलं आणि टपरीच्या बाकावर चक्क टाळी वाजवली. वडिलांनी पत्र न उघडताच कुलूप फोडलं होतं! पोराची प्रत्येक तार कुठल्या शब्दानं सुरू होते ते त्यांना ठाऊक होतं. त्या एका शब्दावरून त्यांनी पाच काय आणि तीन काय ते ओळखलं, आणि त्याच किल्लीनं उत्तर दिलं. गणितात पळून गेलेल्या पोराच्या मागोमाग म्हातारा गणितात आला होता.

"मॅडम, माझी बाप हुशार!" सर ओरडले. खय्यूमभाईंनी सगळ्यांना चहा दिला. त्या दिवशी पहिल्यांदाच टपरीवर कुणी आकडा विचारला नाही. सरांनी स्वतःच जाऊन गिऱ्हाइकांना सांगितलं होतं, की बाबांनो, तो माझ्या बापाचा निरोप आहे, त्यावर पैसे नका लावू. लोक ओशाळले. आणि त्यानंतर जे झालं त्याला मी लातूर म्हणते. खडीवरून परतणारी तीच माणसं खिडकीशी थांबून विचारायला लागली, "बाई, सरच्या बाबाचा आकडा आला का? बरा हाय ना म्हातारा?"

वर्ष गेलं. सरांनी किल्ल्या पाठवायच्या, वडिलांनी त्याच वापरायच्या. मग वडिलांकडून तारा उशिरा यायला लागल्या, आखूड यायला लागल्या. सर म्हणायचे, म्हातारपण. गावाकडच्या कुणा ओळखीच्यानं कळवलं की प्रकृती बरी नाही. मी म्हटलं, "सर, जा ना निघून. कसली शपथ अन् कसलं काय!"

"दारातून परत पाठवला तर, मॅडम? मग ही आकडे पण जातील." एवढंच बोलले.

आणि एका दुपारी ती तार आली. मी ऐकत लिहीत गेले. अगदी लहान.

१२ ३ – ५ १ १३ – १३ ५ ९ ११ – १५ १३

शेवटी आकडे पुन्हा वाजले. तेच. मी पलीकडच्याला विचारून तिसऱ्यांदा खात्री केली. तेच. पहिल्यांदाच वडिलांनी स्वतःची किल्ली निवडली होती.

सर आले. कागद घेतला, नेहमीसारखी नजर फिरवली आणि त्यांची बोटं थांबली.

"बारा," ते म्हणाले. "बारा का घेतली त्यांनी?" मग स्वतःच उत्तर दिलं, "येशूचे बारा शिष्य. आणि तीन म्हणजे पिता, पुत्र, पवित्र आत्मा. म्हाताऱ्यानं पवित्र आकडे घेतले."

सम आकडा नको, हे सांगणारं पत्र तर त्यांनी घेतलंच नव्हतं.

मला नीट कळेना. सरांनी दाखवलं. बारानं गुणून तीन मिळवले की उत्तर कायम विषमच येतं. बावीस घरांपैकी अकराच घरं भरतात, अकरा रिकामी राहतात. म्हणजे प्रत्येक घरात दोन अक्षरं. मी म्हटलं, "म्हणजे आमच्या खोलीसारखं." सर म्हणाले, "हो. आणि दारावर पाटी एकच."

त्यांनी पेन काढलं आणि प्रत्येक आकड्याखाली दोन-दोन अक्षरं लिहिली. भाषा अंगात मुरलेली होती, त्यामुळे बहुतेक ठिकाणी एकच अक्षर अर्थाला बसे. दुसरा आणि तिसरा शब्द लगेच सुटले. 'मला क्षमा कर.' पहिल्या शब्दाची शेवटची दोन अक्षरंही सुटली. राहिला पहिला आकडा. पाच. त्या घरात बेथ आणि मीम, म्हणजे ब आणि म, दोघंही राहत होते. ब घेतला तर शब्द होतो, 'माझ्या लेका'. म घेतला तर, 'माझ्या प्रभू'.

सरांनी ते दोन्ही एकाखाली एक लिहिले आणि पेनाचं टोपण लावलं.

"विचारा ना," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता विचारा. साध्या आकड्यात, बुरखा नको. मी लगेच लावते."

त्यांनी फॉर्म भरला. पहिला शब्द पुन्हा पाठवा, एवढंच. मी मोठ्यानं वाचलं. मी ती तार आधी सोडली. कलेक्टर कचेरीचे टँकर त्या दिवशी थोडे थांबले.

सर रोज येऊन बाकावर बसायचे. येणारा-जाणारा विचारायचा, "आला का?" मी नकारार्थी मान हलवायची.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी त्या स्टेशनची हाक आली. मी पेन्सिल धरली. तुम्हाला सांगते, आकड्याचा ठोका आणि अक्षराचा ठोका ह्यांची चाल वेगळी असते. आकडा लांब असतो, पाच ठोक्यांचा. मी त्या स्टेशनवरून सरांसाठी आजवर आकड्यांशिवाय काही ऐकलं नव्हतं. पहिलंच चिन्ह आखूड आलं आणि मला कळलं. हे शब्द आहेत. त्या घरातून शब्द निघाले, म्हणजे ते न बोलणारा आता घरात नाही.

लिहून पुरं केलं. सही केली. शिपायाला दिलं नाही, स्वतःच बाहेर गेले. सर बाकावर होते. माझ्या हातातला कागद त्यांनी वाचायच्या आधी माझं तोंड वाचलं. वडील गेले होते, आदल्या संध्याकाळी. चुलतभावानं इंग्रजीत कळवलं होतं. दफनासाठी सरांची वाट बघत थांबत नाही, असंही होतं.

आमच्या तारघरात लोक कागद उघडायच्या आधीच रडायला लागायचे, अशी आम्हाला सवय. सर रडले नाहीत. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि त्याच खिशातून जुना काढला. बारा-तीनवाला. घड्यांवर विरायला लागलेला.

खय्यूमभाई किटली घेऊन समोर उभे. पाच-सहा खडीवाले, पाय धुळीनं पांढरे. कुणी हळूच विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. खय्यूमभाई काहीतरी पुटपुटले, बाकीच्यांनी टोप्या काढल्या.

सर त्यांच्याकडंच बघून बोलायला लागले. वर्गात बोलतात तसं, शांत, एकेक पायरी.

"माझ्या वडिलांनी शेवटी तीन शब्द पाठवले. दोन मला कळले. मला क्षमा कर. पण कुणाला बोलले, ते कळत नाही. पहिल्या अक्षराच्या जागी ब असेल तर मला बोलले. लेका, मला क्षमा कर. म असेल तर देवाला बोलले. प्रभू, मला क्षमा कर. आमच्याकडं म्हातारी माणसं मरताना हेच म्हणतात. आणि त्यांच्या सगळ्या तारा प्रार्थनाच होत्या." त्यांनी कागद सगळ्यांना दिसेल असा धरला, जणू त्या माणसांना सिरियाक येत होतं. "विचारायला आता कुणी नाही. ह्याचं उत्तर गणितात निघत नाही. मी नाही काढू शकत, जगात कुणीच नाही काढू शकत. ब का म, दोन्हीला सारखाच पुरावा आहे."

पलीकडं आत यंत्र कुणालातरी टँकर मागत होतं.

आणि खय्यूमभाई, जे इतका वेळ किटली धरून नुसते बघत होते, एकदम जोरात, जवळजवळ रागावूनच ओरडले:

"अहो सर, तुमी बी ना! देवाला कोन तार करतंय?"